अपघात झाला, आता घरी फोन कोण करणार?

तयारी. फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, आग विझवायची नळकांडी, प्रथमोपचार पेटी, मॉक ड्रिल हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सांगतो ते एवढंच: प्रत्येक कामगाराच्या घरचे दोन नंबर कागदावर लिहून गेटवर ठेवा. वीज तोडल्यावर कॉम्प्युटरमधली यादी कोण उघडणार? ठेकेदाराकडं कामाला असलेल्या पोरांचे नंबरही त्यातच हवेत, आणि दर सहा महिन्यांनी लावून बघा. पावसाळ्यात कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशाऱ्यावर गेली की पाळी लवकर सोडा. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला तो एक-दोन दिवसांसाठी नव्हे.

पहिली दहा मिनिटं. वीज तोडा, माणसं बाहेर काढा, १०८ लावा. डोकी मस्टरवरून, म्हणजे हजेरीपटावरून, मोजू नका, गेटच्या वहीवरून मोजा. टेम्पोचा क्लीनर मस्टरवर नसतो. सांडलेल्या धातूवर पाणी मारायचं नाही, वाफेचा स्फोट होतो. तिथं कोरडी वाळू. भाजलेल्या माणसावर मात्र वाहतं साधं पाणी, २० मिनिटं. हळद नाहीतर टूथपेस्ट घेऊन कोणी धावत आलाच तर त्याला गेटवर रुग्णवाहिकेची वाट बघायला पाठवा.

घरी फोन. इथं मी स्वतः चुकलोय.

लेडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, कलंडून आमच्या एका माणसाचे दोन्ही पाय भाजले. मी त्याच्या बायकोला फोन केला आणि म्हणालो, "वहिनी, किरकोळ लागलंय, काळजी करू नका." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. म्हशीची धार काढली, दूध डेअरीला घातलं आणि संध्याकाळच्या एसटीनं आली. तोवर त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं होतं. त्याआधीचे तीन तास तो शुद्धीत होता आणि तिचीच वाट बघत होता. तो पुढं बरा झाला, कामावरही आला. पण ती माऊली अजून भेटली की म्हणते, "साहेब, तुम्ही किरकोळ म्हणाला होता."

तेव्हापासून 'किरकोळ' हा शब्द मी बंद केला. 'काही होणार नाही' हेही नाही, ते डॉक्टरसुद्धा म्हणत नाहीत. आधी आपलं नाव आणि कारखान्याचं नाव सांगा. मग काय झालं ते साध्या शब्दांत: "दोन्ही पाय भाजलेत, शुद्धीवर आहेत, अमुक दवाखान्यात नेलंय. गाडी पाठवलीय, गाडीत त्यांच्याच खात्यातला अमुक आहे." गाडी खरंच निघाल्यावरच हे बोलायचं. खर्चाचं काय, हा प्रश्न घरचे विचारणार नाहीत, पण तो मनात असतोच; मालकाला विचारून ठेवा आणि आपणहून सांगा.

फोन दहा मिनिटांत गेला पाहिजे. पोरांचे मोबाईल हिसकावून उपयोग नाही. व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पोचतोच, त्याच्या आधी तुमचा आवाज पोचू दे.

माणूस गेलाच असेल तर आपल्याकडं "सीरियस आहे, या" म्हणून बोलवायची रीत आहे. मीही ती माणुसकीच समजत होतो. पण गाडीत बाकी सगळ्यांना ठाऊक, आणि एकटी बायको देवाला नवस बोलतेय, असा प्रवास मी एकदा केलाय. पुन्हा करणार नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर दोघांनी घरी जायचं: एक त्याच्या ओळखीचा, एक निर्णय घेऊ शकणारा. आत बसायचं आणि 'गेले' हा शब्द उच्चारायचा. तो जड जातो, म्हणून जाताना वाटेत एकदा मोठ्यानं म्हणून बघा.

नंतर. जागेवरचं काही हलवू नका, फोटो काढा, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला वर्दी द्या. भट्टीपुढं नारळ फोडायचा असेल तर फोडा, पण लेडलचा गिअर तपासून झाल्यावर. आणि ज्यांनी त्याला उचलून बाहेर आणलं, त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच भट्टीवर उभं करू नका. फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाची साफसफाई करतात तिथं, पाठवा, नाहीतर पगारी घरी.