मेसोपोटेमियाचे देव भिंतीवर लावताय? या चुका टाळा

दाराच्या दोन्ही बाजूंना पंखांचे दोन रक्षक हवेत, असं मी ठरवलं होतं. निमरूद या आजच्या इराकमधल्या प्राचीन असिरियन राजधानीच्या राजवाड्यातल्या एका शिल्पपटाचा उत्तम फोटो मिळाला, प्रिंटही सुरेख आली. दुसऱ्या बाजूसाठी छापणाऱ्याने तोच फोटो उलटवला आणि जोडी जमवून दिली. मलाही ते छान वाटलं. दोन-तीन आठवड्यांनी सकाळच्या उजेडात रक्षकाच्या कमरेवरून जाणारा लेख बघताना लक्षात आलं, की उजवीकडच्या प्रिंटवरची सगळी अक्षरं आरशातली आहेत.

दुसरा अशुरनासिरपाल (इ.स.पू. 883–859) या राजाने निमरूदच्या भिंतींवर एकच मजकूर पुन्हा पुन्हा कोरून घेतला, तोही थेट आकृत्यांच्या अंगावरून. राजाचं नाव, पूर्वज, विजय, राजवाडा बांधल्याची हकीकत, असं सगळं त्यात आहे. प्रिंट विकणारे त्याला नक्षी समजतात. तो उलटा छापणं म्हणजे घरावरची नावाची पाटी उलटी लावणं.

लिपी वाचता येत नसली तरी हे तपासता येतं. कीलाक्षरं म्हणजे खिळ्यांच्या आकाराच्या खुणांची लिपी. तिच्यात आडव्या खिळ्याचं रुंद डोकं डावीकडे असतं आणि निमुळती शेपटी उजवीकडे. उभ्या खिळ्याचं डोकं वर असतं. आडव्या खिळ्यांची डोकी उजवीकडे दिसली, की फोटो उलटा आहे. लेख नसेल तर हात बघा: या रक्षकांच्या उजव्या हातात बहुधा शंकू असतो आणि डाव्या हातात छोटी बादली. जोडी हवीच असेल तर दोन वेगळे शिल्पपट निवडा. डावीकडे बघणारे आणि उजवीकडे बघणारे, दोन्ही मुळातच आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आपल्या संग्रहातल्या अशा वस्तूंचे मोठे फोटो 2017 पासून सर्वांना मुक्तपणे वापरायला दिले आहेत. ब्रिटिश म्युझियमचे फोटो मात्र अव्यावसायिक वापरासाठी आहेत. घरात लावायला हरकत नाही, छापून विकता येणार नाहीत.

लहान फोटो एआयने मोठा करून घेण्याचा मोहही टाळा. चेहरा गुळगुळीत होतो, पण अक्षरांच्या जागी निरर्थक ओरखडे येतात. छापण्याआधी फाइल स्क्रीनवर शंभर टक्के झूमला उघडून लेखावरून नजर फिरवा. ए-3 आकाराला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) साधारण 3508 × 4961 पिक्सेल लागतात. तेवढे नसतील तर प्रिंट लहान करा.

मुद्रांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान कापाकापीने होतं. दंडगोल मुद्रा ओल्या मातीवर फिरवली की चित्र उमटतं, म्हणजे दगडावर ते उलटं कोरलेलं असतं. म्हणून प्रिंट ठशाची घ्यावी. इ.स.पू. 2300 च्या सुमाराची अद्दा नावाच्या लेखनिकाची मुद्रा घ्या. दगड जेमतेम 3.9 सेंटिमीटर उंच, पण ठसा रुंदीला त्याच्या दुप्पट. डाव्या टोकाला धनुष्य घेतलेला देव, मग पंख असलेली देवी इश्तार, दोन डोंगरांमधून हातातल्या करवतीने वाट कापत उगवणारा सूर्यदेव शमाश, खांद्यांतून पाण्याचे प्रवाह आणि मासे वाहणारा जलदेव एआ, आणि उजव्या टोकाला त्याचा दोन तोंडांचा मंत्री. हा ठसा ए-3 च्या चौकटीत भरून बसवला की पहिली बळी जातात ती दोन्ही टोकं. धनुर्धारी अर्धा होतो, मंत्र्याचं एक तोंड जातं, आणि डाव्या कोपऱ्यातलं 'अद्दा, लेखनिक' हे नावही जातं. चार हजार वर्षं टिकलेलं नाव फ्रेमच्या मापासाठी कापू नका. लांबट फ्रेम बनवून घ्या, किंवा वर-खाली रुंद पांढरी पट्टी सोडा.

बॅबिलोनच्या इश्तार दरवाजाची तक्रार वेगळी: स्क्रीनवर झळझळीत दिसणारा निळा कागदावर मळकट किंवा जांभळट येतो. चार शाईंच्या साध्या छपाईला तो गडद निळा पेलवत नाही. पिगमेंट शाईच्या, जास्त रंगांच्या प्रिंटरवर छापून घ्या आणि आधी हातभर लांब पट्टी चाचणीसाठी मागा. विटांमधला कमी-जास्त निळा 'सुधारू' देऊ नका. बर्लिनच्या म्युझियममधली या दरवाजाची उभारणी जुन्या तुकड्यांना नव्या विटांची जोड देऊन केलेली आहे, त्यामुळे रंग एकसारखा नसणारच.

त्याच दरवाजाच्या नावाने सिंहाची प्रिंट विकतात, तीही चूक. दरवाजावर बैल आहेत, अदाद देवाचे, आणि मार्दुक देवाचा मुशहुश्शु हा सर्पमुखी प्राणी. इश्तारचे सिंह दरवाजाकडे जाणाऱ्या मिरवणुकीच्या मार्गावरचे. नावांचा असा गोंधळ जागोजागी दिसतो. ब्रिटिश म्युझियममधला 'रात्रीची राणी' हा मातीचा शिल्पपट सर्रास 'लिलिथ' म्हणून विकला जातो, पण ती इश्तार की पाताळाची राणी एरेश्किगल, यावर अभ्यासकांत एकमत नाही. तिचं अंग मुळात लाल रंगवलेलं होतं, पाठीमागचा भाग काळा. इराकमधल्या टेल अस्मरला सापडलेल्या मोठ्या डोळ्यांच्या मूर्तींना देव म्हणतात, त्या बहुधा देवासमोर छातीपाशी हात गुंफून उभ्या राहिलेल्या भक्तांच्या आहेत. आणि निमरूदच्या रक्षकाच्या मनगटावर घड्याळ नाही. तो फुलाच्या आकाराचा कडं-अलंकार आहे.

आता उजेड. शिल्पपटाच्या फोटोत सावल्या एका बाजूला पडलेल्या असतात. प्रकाश डावीकडून असेल आणि तुमच्या खोलीत तो उजवीकडून येत असेल, तर उंचवटे खड्डे वाटायला लागतात. नाकाची आणि पंखांची सावली कुठे पडली आहे ते बघा आणि खिडकी किंवा दिवा त्या हिशेबाने धरा. चकचकीत कागद नको, मॅट घ्या. मुंबईतल्यांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले असिरियन शिल्पपट जरूर बघावेत. अंगावर पडणारा प्रकाश बदलला की त्या दगडाचे स्नायू कसे जागे होतात, ते फोटोत कळत नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंत घाम गाळते. फ्रेमच्या मागच्या चार कोपऱ्यांना रबराच्या गोल टिकल्या चिकटवा, म्हणजे हवा खेळेल. बाहेरच्या ओलसर भिंतीवर लावूच नका. बुरशीचे ठिपके काचेच्या आत शिरले की प्रिंट वाचत नाही.

माझी उलटी प्रिंट मी काढून टाकली. तिच्या जागी आता खरा डावीकडे बघणारा रक्षक आहे. प्रत्येक फ्रेमच्या मागे पेन्सिलने वस्तूचं नाव, सापडलेली जागा आणि म्युझियमचा क्रमांक लिहून ठेवते. अद्दाच्या मुद्रेमागे लिहिलंय: ब्रिटिश म्युझियम, 89115.