पंधरा वर्षांच्या पुढची गाडी घरीच रिपेअर करताय? या चुका टाळा

जुनी गाडी म्हणजे मी इथे व्हिंटेज वगैरे म्हणत नाहीये, आपली मारुती ८००, ओम्नी, झेन, पहिली सँट्रो, इंडिका, म्हणजे ज्या गाड्या अजून गल्लीबोळात रोज धावतात आणि ज्यांचं बॉनेट उघडलं की निदान इंजिन कुठंय ते दिसतं तरी. ८०० डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला बंद झाली, त्यामुळे पार्ट्स अजून सहज मिळतात, पुण्यात नाना पेठेत गेलात की अर्धं काम तिथंच होतं. पार्ट्स स्वस्त, यूट्यूबवर व्हिडिओ ढीगभर, मग माणूस म्हणतो आपणच करू. करा की, जरूर करा. पण बहुतेकांचा घोळ पाना धरण्यात होत नाही, तो होतो न तपासता पार्ट बदलण्यात. मेस्त्री असं करतो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो आणि घरी तेच करतो, फक्त मजुरी वाचवून.

गाडी गरम होते: थर्मोस्टॅट काढून फेकणं

हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे. गाडी गरम झाली की कुणीतरी सांगतं "तो थर्मोस्टॅट काढून टाक, आपल्या हवेत लागतच नाही, तो थंडीच्या देशांसाठी असतो." साफ चूक. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची झडप, त्याचं काम इंजिन लवकर गरम करून ठराविक तापमानावर ठेवायचं, साधारण ८२ किंवा ८८ अंशाला तो उघडायला लागतो, आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. तो काढला की इंजिन नीट तापतच नाही, एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी) गाडी असेल तर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून थंडच आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत बसतो, अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, आणि मग तुम्ही प्लग बदलता, मग इंजेक्टर साफ करता, मग सेन्सर आणता. मूळ दुखणं राहतं तिथंच.

तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन पूर्ण गार असताना थर्मोस्टॅट काढा, घरातलं एखादं जुनं पातेलं घ्या (परत स्वयंपाकघरात जाणार नाही असं), पाणी भरा, दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, आणि गॅस लावा. पाणी उकळायच्या आधीच मधली झडप हळूहळू वर सरकताना दिसली पाहिजे. पाणी खळाखळा उकळतंय आणि झडप ढिम्म, तर पार्ट गेला, नवीन टाका. झडप उघडली तर तो बिचारा निर्दोष आहे, परत बसवा, फक्त गॅस्केट नवीन घाला.

मग गरम कशामुळे होते? सगळ्यात आधी रेडिएटरचं झाकण बघा, कुणीच बघत नाही. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, पण सिस्टिम साधारण ०.९ बार प्रेशर धरून ठेवते म्हणून तो उकळबिंदू ११८-१२० च्या आसपास जातो, आणि हे प्रेशर धरतं ते झाकण, त्यातलं रबर. ते रबर दाबून बघा, कडक झालं असेल, कडेला बारीक तडे असतील, स्प्रिंग पिचकली असेल तर झाकण बदला. एवढ्याशा झाकणापायी लोकांनी रेडिएटर बदललेले मी पाहिलेत. आणि हो, गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, वर फडकं टाकून हळूच वगैरे काही नाही, उघडायचंच नाही, अर्धा-पाऊण तास थांबा.

दुसरं, फॅन. ट्रॅफिकमध्ये गाडी गरम होते पण हायवेला काटा नॉर्मल असतो, तर संशय आधी फॅनवर घ्या. फ्यूज बघा, फ्यूज ठीक असेल तर फॅनचा कनेक्टर काढून दोन वायरींनी बॅटरीवरून थेट सप्लाय द्या, बोटं लांब ठेवून. फिरला तर मोटर चांगली आहे, लोच्या स्विच, रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा डबा) किंवा वायरिंगमध्ये. फिरला नाही तरच मोटर आणा. उलट हायवेलाच गरम होत असेल आणि गल्लीत नाही, तर रेडिएटर आतून चोक झालाय का ते बघायचं.

चोक का होतो तर बोअरचं पाणी. वर्षानुवर्षं नळाचं नाही तर बोअरचं क्षारवालं पाणी ओतत राहायचं, मग आत तोच पांढरा थर बसतो जो गिझरच्या कॉइलवर बसतो. डिस्टिल वॉटर आणि कूलंट, एवढंच घाला. कूलंट नुसता "थंड ठेवायला" नसतो, आतला गंज तो थांबवतो. आणि हिरवा, लाल, निळा हे रंग बघून मिसळू नका, रंगाचं कुठलंही स्टँडर्ड नाही, जुना पूर्ण काढा, फ्लश करा, एकच भरा. भरल्यावर हवा काढायला विसरू नका, आत हवेचा गोळा अडकला की सगळं नवीन असून गाडी परत गरम.

अगदी उकळलेल्या गाडीत गार पाणी ओतणं ही यातली सगळ्यात महाग चूक. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, वाकतं, कधी तडकतं, मग हेड गॅस्केट जातं (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट त्याच्याखालचं सील). ऑइलचं झाकण उघडून आत कॉफीच्या फेसासारखं काही चिकटलेलं दिसलं, रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना सतत बुडबुडे आले, सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर प्रकरण घरचं राहिलेलं नाही. (थंडीत किंवा रोज दोन किलोमीटर चालवणाऱ्यांच्या झाकणाला थोडा पांढरेपणा नुसत्या वाफेनं पण येतो, एवढ्यावरून लगेच घाबरू नका.)

सेल्फ मारला की टक्... आणि लगेच नवी बॅटरी

इथे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) घ्या, स्वस्तातला चालतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी चालू करून बघा, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आलं पाहिजे, नाही आलं तर आधी बेल्ट, मग अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो), बॅटरीला दोष देऊ नका.

पण जुन्या गाडीत खरा चोर वेगळाच असतो, अर्थिंगची पट्टी. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनला जी जाड वायर किंवा विणलेली पट्टी जाते ती गंजते, बोल्टखाली पांढरा-हिरवा थर धरते आणि वरून बघितलं तर सगळं घट्ट दिसतं. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनस पोलवर (क्लॅम्पवर नाही, पोलवर), दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटर अर्धा व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासा, परत कसा. बरेचदा "डेड" बॅटरी तिथंच जिवंत होते.

आता ज्यावर माझं डोकंच फिरतं ते सांगतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल उपटायचा आणि गाडी बंद पडली नाही म्हणजे अल्टरनेटर ओके, ही जी टेस्ट आहे ना ती डायनामोच्या जमान्यातली आहे. बॅटरी निघाली की व्होल्टेज एकदम उसळतं, अल्टरनेटरचे डायोड जातात, आणि एमपीएफआय गाडीत ईसीएम गेला तर त्याची किंमत ऐकून गाडी विकाविशी वाटेल. करू नका, कुणाला करू पण देऊ नका.

बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. कारण साधं आहे, पूर्ण बॉडी मायनस असते, प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. मायनस आधीच काढलेला असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही.

फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा वायर

फ्यूज उडतो म्हणजे तो काहीतरी सांगतोय. १५ अँपिअरचा उडतो म्हणून ३० चा टाकला की पुढच्या वेळी फ्यूज नाही, वायरिंग जळतं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे अजून आहेत, त्यांना नमस्कार.

हेडलाइटचंही तेच. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चे बल्ब टाकायचे, रिले नाही, काही नाही. हिशोब करा, १२ व्होल्टवर ६० वॅटचे दोन बल्ब १० अँपिअर ओढतात, १०० चे दोन जवळपास १७. हा सगळा करंट स्टेअरिंगखालच्या पंचवीस वर्षं जुन्या स्विचमधून जातो, तो वितळणारच. उजेड कमी वाटत असेल तर आहे तेच बल्ब ठेवून रिले टाका, काचा पॉलिश करा, होल्डरची अर्थिंग घासा, फरक तुम्हालाच कळेल.

जॅकवर गाडी आणि खाली माणूस

यात गंमत नाही. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त स्टेपनी बदलायला असतो. त्याच्यावर गाडी ठेवून खाली जायचं नाही, विटा लावून जायचं नाही, सिमेंटचे पोकळ ब्लॉक लावून तर अजिबात नाही, ते सूचना न देता फुटतात. जॅकस्टँडची (उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडची) जोडी घ्या, सपाट पक्की जमीन, न उचललेल्या चाकांना पुढून-मागून अडण, आणि खाली जायच्या आधी गाडीला अंग लावून हलवून बघा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे आणि शेवटचं कसणं पण गाडी खाली आल्यावर, समोरासमोरचे नट घेत.

ब्रेक ऑइल "कमी झालं, ओतलं"

ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळून कमी होत नाही. लेव्हल हळूहळू उतरली तर पॅड झिजलेत, पटकन उतरली तर कुठेतरी गळतंय, चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसतंय का बघा. नुसतं ओतत राहिलात तर नवे पॅड टाकताना पिस्टन आत दाबला की सगळं वरून सांडतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं, बॉनेटखालची बॉडी सोलून निघते. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ काय लिहिलंय तेच वापरा. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलं तेल चुकून जरी गेलं तरी आतले सगळे रबर फुगतात. हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, म्हणून अर्धी उघडी बाटली माळ्यावर ठेवून दोन पावसाळ्यांनी वापरू नका, आणि दर दोन वर्षांनी बदला.

ब्रेकच्या पाइपातली हवा (एअर) काढताना पेडल तळापर्यंत दाबत सुटू नका. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पुढे ढकलतो तो) जिथे पिस्टन एरवी कधी जात नाही तिथे गंज-कचरा साठलेला असतो, सील त्यावरून घासलं की कापलं. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा म्हणजे ते अर्ध्यातच थांबेल. ब्रेकचं काम स्वतः केलं असेल तर रस्त्यावर जायच्या आधी उभ्या गाडीत पेडल कडक लागतंय ना, मग आवारात दहाच्या स्पीडला, मगच बाहेर. जराही स्पंज वाटलं तर मेस्त्रीला दाखवा, इथे कंजूसपणा नको.

ऑइल बदलताना

ड्रेन बोल्ट पान्याला पाइप लावून कसणारे लोक मग "आटे गेले" म्हणून फिरतात. नवीन वॉशर घाला आणि बेताचं कसा. फिल्टर हातानंच बसवायचा, रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, बस. आणि जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना हे बघाच, त्याच्यावर नवा फिल्टर बसला की दोन रबरं होतात आणि सगळं ऑइल रस्त्यावर. झिजलेल्या इंजिनात महाग म्हणून एकदम पातळ सिंथेटिक घालायचा मोह टाळा, मॅन्युअलमधला ग्रेड बरोबर असतो. काढलेलं ऑइल गटारात नाही, डब्यात भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते घेणारे येतात.

पावसाळ्यात उभी ठेवलेली गाडी

गाडी महिना-दोन महिने हलणार नसेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, कोकणात तर नाहीच, ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका, चाकाला अडण लावा. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात ती काडीनं मोकळी करा, वायपरखालची पानं काढा, ती कुजून पाणी आत केबिनमध्ये उतरतं आणि मॅटखालचा पत्रा आतून जातो. गंजावरून थेट काळं अंडरकोट मारणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं, आधी घासा, प्रायमर मारा, मग कोट.

पेट्रोलचे रबरी पाइप मात्र सध्या सगळ्यांनीच तपासायला हवेत. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय आणि या गाड्यांचे पाइप, कार्ब्युरेटरमधले रबर, डायफ्रॅम त्यासाठी बनवलेले नाहीत. पाइप दाबून बघा, मऊ-चिकट लागला, फुगला, किंवा वाकवल्यावर तडे दिसले तर बदला, आणि दुकानात स्पष्ट सांगा की इथेनॉलला चालणारा पाइप पाहिजे, साधा पाण्याचा नाही. क्लिप पण नवीन घ्या. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारायचा नाही, आधी कुठून येतोय ते शोधायचं, बॅटरीचा मायनस काढून, आणि सीएनजी-एलपीजी किट असलेल्या गाडीत गॅसचा वास असेल तर स्वतः काहीच न उघडता टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी ढकलत मोकळ्या जागेत न्यायची आणि किटवाल्यालाच बोलवायचं.