चुना, गेरू आणि घाई: घर रंगवताना या चुका टाळा

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या की माझा फोन वाजायला लागतो. "घरात लहान लेकरू आहे, वासाचा रंग नको, चुना मारायचाय. दोन दिवसांत होईल ना?" पुढचे प्रश्नही ठरलेले असतात: चुना कुठला आणू, किती किलो, डिंक टाकू का सरस. लातूरच्या आसपास वीस वर्षं मी चुन्याची आणि मातीच्या रंगांची कामं करतो. भिंत कशाची आहे आणि तिच्यावर आधी काय फासलंय, हे आपणहून सांगणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

ऑईलपेंटवर चुना

ही चूक माझ्या घरातच झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्या दाजींचं घर गावाकडं. बैठकीच्या भिंतींना खालून छातीइतका ऑईलपेंटचा पट्टा आणि वर जुनी सफेदी. नातवाला दम्याचा त्रास सुरू झाला आणि दाजींनी ठरवलं की यंदा सगळं नैसर्गिक. मी फोनवर म्हटलं, "दाजी, आधी तो पट्टा खरवडून काढा." ते म्हणाले, "कामून? बापजाद्यापासून चुना मारायलोय आम्ही, आता तू शिकवणार का?"

मारला. एक हात दिला, भिंत दिसत होती. दुसरा दिला, तरी दिसत होती. मग बादलीत कढीसारखा दाट चुना कालवून तिसरा दिला. भिंत पांढरीशुभ्र झाली. त्याच भिंतीला टेकून मखर उभं राहिलं, महालक्ष्म्या बसल्या, फुलोरा बांधला. जेवणाच्या दिवशी दुपारी पंखा लागला आणि पापुद्रे सुटायला लागले. आधी मखरावर, मग पुरणपोळीच्या ताटावर, मग थोरल्या महालक्ष्मीच्या नव्या पैठणीवर. ताई आतून ओरडली, "अवो, चुना पडायलाय की!" दाजी ताटावर दुसरं ताट धरून उभे.

चुना म्हणजे डब्यातल्या रंगासारखा वरून चिकटणारा थर नव्हे. तो भिंतीत मुरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. मुरायला भिंत सच्छिद्र लागते. ऑईलपेंट, प्लास्टिक पेंट, बाजारची पुट्टी यांत तो शिरणार कुठून? माझी परीक्षा सोपी आहे. भिंतीवर ओंजळभर पाणी मारा. शोषलं गेलं तर चुना घेईल. ओघळून खाली आलं तर खरवडा, नाहीतर त्या भिंतीपुरता चुन्याचा नाद सोडा.

खरवडायचं तर ओलं करून. कोरडा सँडपेपर मारून धुरळा उडवायचा आणि वर "लेकरासाठी करतोय" म्हणायचं, हा प्रकार मी पाहिलाय. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90) जास्त नको, हा नियम लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. त्याच्या आधीच्या पट्ट्यात काय आहे, याची खात्री कोण देणार? गर्भार बाई आणि लहान मुलं त्या दिवशी घरात नकोत. पडलेला चुरा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

दाट हात, कोरडी भिंत

चुना ताकासारखा हवा. कुंचा फिरवला की भिंत जवळजवळ तशीच दिसते, आणि नवख्याचा धीर इथंच सुटतो. अरे, वाळू तर दे! ओला चुना पारदर्शक असतो, पांढरेपणा नंतर उमटतो. पातळ तीन-चार हात, दोन हातांमध्ये एक दिवस. ज्याला हे जमत नाही त्यानं सरळ डबा आणावा, मला राग नाही.

दुसरी खोड आपल्या उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशीला टेकलेला असताना तापल्या भिंतीवर चुना मारला, तर पाणी क्षणात उडतं, चुना घट्ट धरायच्या आत कोरडा पडतो आणि पाठ टेकली की सदरा पांढरा. मी आदल्या संध्याकाळी भिंत भिजवतो, सकाळी पुन्हा शिंपडतो आणि दहाच्या आत काम आवरतो. लोक दसरा काढताना सगळं उरकतात, तो वेळ वाईट नाही, फक्त पावसाची ओल भिंतीतून गेलेली असावी. मला विचाराल तर दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पण तेव्हा कोणी विचारत नाही.

पाण्याचंही तेच. मचूळ बोअरच्या पाण्यात कालवलेला चुना महिन्याभरात भिंतीवर क्षाराची फुलं काढतो. पिण्याच्या पाण्यात कालवा. उन्हाळ्यात पाणी मोजून मिळत असेल तर काम पुढं ढकला.

हळदीचा पिवळा

हसू नका, हे मी स्वतः केलंय. सुरुवातीच्या काळात एका बाईंना स्वयंपाकघर पिवळं हवं होतं, "एकदम नैसर्गिक". मी गाळलेल्या चुन्यात हळद टाकली. बादली लालभडक. घरात हळद आणि चुन्यापासून कुंकू होताना लहानपणी पाहिलेलं, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही! वाळल्यावर येईल ताळ्यावर, म्हणून तसंच मारलं. दोन महिन्यांत खिडकीसमोरचा रंग उडाला आणि कोपऱ्यात मळकट डाग राहिले. बाईंनी पैसे दिले, पण चहा दिला नाही.

हळद, पालक, बीट हे ताटातले रंग ताटातच बरे. चुन्यात खनिज रंग टिकतात: गेरू, पिवडी म्हणजे पिवळी माती, कपड्याची जुनी नीळ पावडर. बाटलीतली पातळ नीळ नको. रंग रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून घ्या आणि चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापुढं जाऊ नका, नाहीतर हाताला येतो. ओला रंग गडद दिसतो. दाराआड एक हातभर तुकडा रंगवून दोन दिवस वाळू द्या, मग भिंतीला हात घाला.

इथं कोणीतरी अजिंठा काढतोच. "तिथले रंग दीड हजार वर्षं टिकले, तुमचे दोन वर्षांत का उडतात?" तिथंही गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळीच आहे. पण खाली माती, भुसा, तंतू घातलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि वर लेण्याची सावली. तुमची पश्चिमेची भिंत म्हणजे लेणं नव्हे.

चमक पाहिजे म्हणून

चुन्यावर किंवा पोतारलेल्या, म्हणजे पातळ मातीचा हात दिलेल्या, मातीच्या भिंतीवर वरून वॉर्निश, क्लिअर कोट मारू नका. आत-बाहेर करणारी ओल अडकते, मग फुगवटे येतात. अजिंठ्याचंच उदाहरण घ्या. 1920 च्या दशकात निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी चित्रांवर लाखेचं वॉर्निश दिलं. लाख नैसर्गिकच की! ती पिवळी-काळी पडली आणि पुढच्या लोकांना ती काढत बसावं लागलं. माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, जुन्या घरात हीच गत प्लास्टिक पेंटनं होते. बाहेरून गुळगुळीत, आत भिंत ओलीच. त्या घरांना पांढऱ्या मातीचा पोतारा किंवा चुना, बस्स.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

कळीचा चुना, म्हणजे भाजलेले कोरडे खडे, प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात विझवू नका, पाणी उकळतं आणि बादली वितळते. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यातही नको, चुना जर्मन खातो. लोखंडी ड्रम घ्या आणि पाण्यात चुना थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका.

विझवल्याच्या दुसऱ्या दिवशी वापरायची घाई नको. मी किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवतो.

डोळ्याला गॉगल लावाच. चुना डोळ्यात उडाला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. "काही होत नाही" म्हणणारा एक मिस्त्री मला माहीत आहे, त्याला आता डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतं.

पिठाची खळ घालून केलेला रंग श्रावणात मारला तर बुरशी ठरलेली. दूध-चुन्याचा रंग केला त्याच दिवशी संपवायचा.

खादी आयोगाचा शेणाचा 'प्राकृतिक पेंट' 12 जानेवारी 2021 ला बाजारात आला. डिस्टेंपर आणि इमल्शन, दोन्ही मिळतात. तो चुन्यासारखा लावायचा नसतो, डब्यावर लिहिलंय तितकंच पाणी घाला. शेण म्हणजे सारवण, असं समजून पाणी ओतणारे भेटलेत.

डब्यावर हिरवं पान छापलेलं असलं म्हणजे आतलं सगळं निरुपद्रवी, असंही नाही. टर्पेंटाइन पाइनच्या झाडातूनच येतं, तरी बंद खोलीत डोकं धरतं.

दाजींनी पुढच्या वर्षी पट्टा खरवडला. अर्धाच. मखराच्या मागचा तेवढा. उरलेल्या अर्ध्या भिंतीपुढं आता कपाट ठेवलंय.