व्हिक्टोरियन घराचे वय कसे ठरवावे

इंग्लंडमधील एखाद्या घराला 'व्हिक्टोरियन' म्हटल्याने त्याचे वय कळत नाही. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी साठहून अधिक वर्षे चालली आणि तेवढ्या काळात काच, वीट आणि बांधकामाचे नियम सगळेच बदलले. म्हणून कागदपत्रे उघडण्याआधी घर डोळ्यांखालून घालावे.

सुरुवात खिडक्यांपासून करावी. काचेवरचा कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा कर १८५१ मध्ये रद्द झाला. मोठी काच आवाक्यात आल्यावर वर-खाली सरकणाऱ्या झडपांतील लहान लहान तावदाने जाऊन तिथे एक किंवा दोन मोठी तावदाने आली. मधल्या पट्ट्या गेल्या, काच जड झाली आणि कोपऱ्यांतील सांध्यांवर ताण पडू लागला, तेव्हा सुतारांनी वरच्या झडपेच्या उभ्या पट्ट्या खाली थोड्या वाढवून सांध्याला बळकटी दिली. वळणदार आकाराची ही वाढीव टोके, म्हणजेच 'शिंगे', दिसली, तर खिडकी बहुधा शतकाच्या मध्यानंतरची समजावी. मात्र खिडक्या नंतर बदलल्या जातात, त्यामुळे घराची मागची बाजू अवश्य पाहावी. तिथे मालक सहसा कमी खर्च करत आणि मूळ काम टिकून राहण्याची शक्यता अधिक असते.

भिंतीत एकाच थरात विटेची लांब बाजू आणि टोक आलटून पालटून दिसत असेल, तर ती बहुधा भरीव, म्हणजे आत पोकळी नसलेली भिंत आहे. तिच्या विटांमधील सांधे चुन्याने भरलेले असतील, तर दुरुस्तीही चुन्यानेच करावी. कडक सिमेंट ओलावा अडवते आणि मऊ विटांचे पापुद्रे सुटू लागतात. माझ्या मते अशा घराची सर्वाधिक हानी याच घाईच्या दुरुस्तीने होते.

सरळ, रुंद रस्त्यालगत मागे अंगण असलेल्या एकसारख्या घरांची रांग दिसली, तर ती १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतरच्या स्थानिक बांधकाम नियमांनुसार बांधलेली असण्याची शक्यता विचारात घ्यावी.

यानंतर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे, बारीक तपशील दाखवणारे जुने नकाशे पाहावेत: एका नकाशात मोकळी जमीन आणि पुढच्या नकाशात घर असेल, तर बांधकाम त्या दोन सर्वेक्षणांच्या दरम्यानचे ठरते. १८४१ पासूनच्या दशवार्षिक जनगणनेत रहिवाशांची नावे मिळतात. पण घरक्रमांक पुष्कळदा बदलले गेल्याने शेजारची कुटुंबे आणि कोपऱ्यावरची दुकाने यांच्या आधाराने घर ओळखावे. जुना भाडेपट्टा हाती लागला, तरी त्यावरची तारीख जमिनीच्या कराराची असू शकते, हे ध्यानात ठेवून ती नकाशाशी ताडून पाहावी.