गिअर लिव्हर ढिला झालाय? पाना उचलण्याआधी फट बघा

डर्ट बाइकचा गिअर लिव्हर खुळखुळायला लागला की सगळे आधी बोल्ट आवळतात. दोन दिवस बरे जातात, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला आवळताना बोल्टचे आटे जातात आणि पाच मिनिटांचं काम लेथवाल्याच्या दारात जातं. म्हणून ढिलं नेमकं काय झालंय हे आधी ओळखा.

इंजिन बंद करून गार होऊ द्या आणि लिव्हरभोवतीचा चिखल धुऊन काढा. आपल्याकडच्या काळ्या रानातली माती लिव्हर आणि इंजिनच्या केसिंगमध्ये भरली, वर ऊन पडलं, की तिची वीट होते. लिव्हर पुरता खाली जात नाही, गिअर पडत नाही, मग माणूस बुटाने दणके देतो. बरेच लिव्हर इथेच ढिले होतात.

लिव्हर ज्या दांड्यावर बसतो, तो इंजिनमधून बाहेर आलेला दांडा म्हणजे शाफ्ट. आता शाफ्टचं टोक आणि लिव्हर या दोन्हींवरून जाईल अशी व्हाइटनरची एक सरळ रेघ ओढा. वाळली की लिव्हर हाताने वर-खाली करा. रेघ तुटली, म्हणजे शाफ्टवरचा अर्धा भाग जागेवर राहिला आणि लिव्हरवरचा सरकला, तर लिव्हर शाफ्टवर घसरतोय. रेघ सलग राहून लिव्हरसोबत शाफ्टही फिरत असेल, तर टोकाशी थोडी ढिलाई असणारच. ती आतल्या यंत्रणेची आहे, तिला हात लावू नका. फक्त घडी होणारं टोक डुगडुगत असेल तर त्याची पिन किंवा स्प्रिंग गेली. लिव्हर शाफ्टला दांडीने जोडलेला (लिंकेज) असेल तर दांडीच्या दोन्ही टोकांचे बॉल जॉइंट, म्हणजे गोळीवर फिरणारे सांधे, हलवून बघा.

लिव्हरच घसरत असेल तर तो उतरवायचा. बोल्ट बहुतेक गाड्यांत ६ मिमीचा असतो, डोक्याला ८ किंवा १० नंबरचा पाना लागतो. बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढा. पुष्कळ शाफ्टना खाच असते आणि बोल्ट तिच्यातून आडवा जातो. लिव्हर निघत नसेल तर शाफ्टला धरणाऱ्या त्याच्या कडीच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच फाकवा. शाफ्टवर हातोडा मारायचा नाही, तो दणका थेट आतल्या भागांना बसतो.

शाफ्टचे दाते तारेच्या ब्रशने आणि पेट्रोलने साफ करा. लगेच मागे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी आहे, म्हणून कचरा सीलकडे न ढकलता बाहेरच्या बाजूला ओढा. दात्यांना ग्रीस लावू नका, तिथे पकड हवी आहे.

आता ती फट. लिव्हरच्या कडीला एक चीर असते. बोल्ट आवळला की ती मिटते आणि कडी शाफ्टला धरते. कडी झिजली की चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकतात. मग बोल्ट कितीही घट्ट करा, तो कडांना दाबतो, शाफ्टला नाही. लिव्हर शाफ्टवर बसवून बोल्ट घट्ट केल्यावरही चिरेत उजेड दिसला पाहिजे. दिसत नसेल आणि आतले दाते अजून टोकदार असतील, तर हॅक्सॉच्या पात्याने चीर १ मिमीने मोठी करा. दाते गुळगुळीत झाले असतील तर नवीन लिव्हर. जुना सोबत घेऊन जा आणि दाते, लांबी, बाक तिन्ही जुळवा. रोजच्या गाडीचा लिव्हर शाफ्टवर बसेलही, पण बाक वेगळा असला तर केसिंगला घासतो.

बसवताना टोक फूटरेस्टच्या पातळीला किंवा बोटभर वर ठेवा, तेही बूट घालून बघा. एक दाता सरकला की टोक साधारण दोन सेंटिमीटर हलतं, त्यामुळे मनासारखं बसेपर्यंत दोन-तीनदा काढावं लागेल. लिव्हर खाचेपर्यंत पुरता आत गेला पाहिजे. बोल्टचे आटे पेट्रोलने पुसून निळ्या लॉकटाइटचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा. तेलकट आट्यांवर ते नीट धरत नाही. लाल लावू नका, पुढच्या वेळी गरम केल्याशिवाय निघणार नाही. आवळायचं १० ते १२ न्यूटन मीटर. हा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना मनगटाच्या जोराने, त्याला पाइप जोडून नव्हे. लिव्हरचे आटे गेलेले असतील तर आरपार भोक पाडून लांब बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) घाला, चांगलं टिकतं.

शाफ्टचेच दाते गेले असतील तर गॅरेजवाला म्हणेल, “एक टाका मारून देतो.” नको म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेने सील जळतं, शाफ्टचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि पुढे शाफ्ट बाहेर काढायची वेळ आली की तो जोड कापावा लागतो. खरा उपाय शाफ्ट बदलणे. बऱ्याच इंजिनांत तो क्लचच्या बाजूने निघतो, पूर्ण इंजिन फोडावं लागत नाही.

बालाघाटाच्या डोंगरात, गावापासून लांब लिव्हर घसरायला लागला, तर कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियम कॅनची पट्टी कापून शाफ्टभोवती गुंडाळा, वरून लिव्हर दाबून बसवा आणि दुसरा गिअर टाकून तसेच सावकाश घरी या. ही पट्टी त्या दिवसापुरतीच.

लॉकटाइटला २४ तास द्या. मग ५० किलोमीटरनंतर व्हाइटनरची नवी रेघ सलग आहे का बघा. टूलबॉक्समध्ये त्याच मापाचा एक जादा बोल्ट चिकटपट्टीने चिकटवून ठेवा, कारण हा पडला तर वावरात सापडत नाही.