वारं गेलेला हात आणि विडीचं सूप

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात एका आजोबांच्या हातात मी स्माईली बॉल दिला. "दिवसभर दाबत बसा." अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेलेली, म्हणजे मार डाव्या मेंदूला. बोटं मुठीत आवळायला लागलेली. मॅडमनी बॉल काढून घेतला. "मूठ सुटत नाही म्हणून आलेत ते, आणि तू मूठच पक्की करतोयस?" तेव्हापासून माझ्याकडे बॉल नाही.

न्यूरो फिजिओला, म्हणजे मेंदू-मज्जातंतूच्या पेशंटच्या फिजिओथेरपीला, यायचं म्हणणारी पोरं मला फोन करतात, त्यांना हे आधी सांगतो. बीपीटीएचला, म्हणजे फिजिओच्या पदवीला, नीटचे मार्क लागतात. आमच्या वेळी चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप होती, वर एमपीटीएचची, म्हणजे पदव्युत्तरची, दोन. मॉडिफाइड ॲशवर्थ, म्हणजे स्नायूचा ताठरपणा मोजायची पट्टी, नुसती पाठ करू नका. ० ते ४, मध्ये एक १+. परीक्षेत सगळे लिहितात. पण १ आणि १+ मधला फरक पन्नास कोपरं स्वतः हलवल्याशिवाय कळत नाही.

सोलापुरात आणखी एक अभ्यासक्रम आहे, तेलुगूचा. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, होम व्हिजिटला गेलात की "मेल्लगा", म्हणजे हळूहळू, एवढं तरी यावं. थोडं कन्नडही. पेशंटला उठवताना घरचे दुखऱ्या हातालाच धरून ओढतात. सैल पडलेला खांदा त्यानं आणखी निखळतो. पहिल्या दिवशी व्यायाम राहिला तरी चालेल, घरच्यांना कसं धरायचं ते शिकवा.

एक विडी कामगार मावशी होत्या, उजवा हात गेलेल्या. मी खुंट्या, कप, मणी दिले. दोन मिनिटांत कंटाळायच्या. (मलाही कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.) मग त्यांचं विड्या वळायचं, पाखडायच्या सुपासारखं सूपच मांडीवर घेतलं. तंबाखू नाही, नुसती भिजवलेली पानं आणि दोरा. पान चिमटीत धरायचं, वळायचं, सोडायचं. सोडणं सगळ्यात अवघड. अंगठा पानावरून निघेचना. मी डाव्या हाताला मदत करू दिली नाही, तर तेलुगूत शिव्या. पण चाळीस-चाळीस पानं न सांगता व्हायची. मेंदूला लागते ती हीच, ओळखीच्या कामाची पुन्हा पुन्हा उजळणी.

पैसा सुरुवातीला बेताचाच. एका पेशंटला पाऊण तास जातो, गुडघेदुखीवाले तेवढ्यात तीन होतात.

तिसऱ्या महिन्यात मावशींनी एक विडी पुरी वळली. वाकडी, एका टोकाला फुगलेली. मी टाळी वाजवली. त्यांनी ती छाट, म्हणजे नापास विड्या, निवडतात तशी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "ही छाटात जाणार."