गळका स्लॅब, जुनं धाबं: दुरुस्तीत या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) सरली की खान्देशात घरोघरी स्लॅबची आठवण होते. मिरगाला जेमतेम महिना उरलेला, मिस्तरी मिळता मिळत नाही. मग घाईत जुन्या कोब्यावरच (सिमेंट-वाळूच्या थरावर) नवा कोबा ओतला जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

सिमेंट-वाळूचा एक इंची थर शंभर चौरस फुटांवर साधारण 500 किलो वजन टाकतो. जुन्या स्लॅबवर असे एक-दोन थर बहुतेक आधीच चढलेले असतात. म्हणून मिस्तरीला वर पाठवण्याआधी घरात छताखाली उभं राहून नीट बघा. पोपडे कुठे सुटलेत? तपकिरी डाग सळईच्या रेषेत आहेत का? हातोडीने हलकेच ठोका. बद्द आवाज आला तर आतलं काँक्रीट सुटलेलं आहे. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. त्यावर नुसता गिलावा मारला तर तोही पडतो, आणि खाली लेकरं झोपलेली असतात. सुटलेला भाग काढून, सळईचा गंज घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याने) भरावा. सळई बारीक झाली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कामाला हात लावू नका, आणि फोडताना खाली टेकू द्या.

दुसरी चूक भेगेत सिमेंट भरण्याची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, स्लॅब त्याहून तापतो. तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर दहा मीटरचा स्लॅब सुमारे तीन मिलिमीटर लांबतो-आखडतो. तिथे ताठ सिमेंट टिकेल कसं? भेग खाच पाडून मोकळी करा, लवचिक सीलंट भरा. कठडा आणि स्लॅबच्या सांध्यावर गोलाई द्या. वॉटरप्रूफिंगचा हात भर दुपारी मारू नका. तापल्या स्लॅबवर तो लगेच सुकतो, धरत नाही.

ढाळ दहा फुटांना इंचभर तरी हवा. पाइपाच्या तोंडाशी आणि शेडच्या बोल्टांपाशीही बघा. पुष्कळदा गळती तिथूनच असते.

जुन्या मातीच्या धाब्यावर, म्हणजे लाकडी कड्यांवर माती पसरलेल्या छतावर, सिमेंटचा कोबा तर नकोच. लाकूड हलतं, कोबा तडकतो. तड्यातून मुरलेलं पाणी मग वाळत नाही आणि कड्या आतून कुजतात. आधी कड्यांची टोकं भिंतीत शिरतात तिथे टोचून बघा, वाळवी तपासा. दरवर्षी माती चढवून थर जाड झाला असेल तर जुनी माती उतरवून मगच नवी घाला.

हे काम दिवाळीनंतर काढा. पावसात ओल कुठे येते त्यावर खुणा करून ठेवलेल्या असतात, स्लॅब सुकलेला असतो, ऊनही सोसवतं. स्लॅब मजबूत असेल तर काम संपल्यावर पाइप बंद करून दोन इंच पाणी 48 तास साठवा, खाली ओल येते का ते बघा, आणि मगच शेवटचे पैसे द्या. धाब्यावर मात्र ही चाचणी कधीच करू नका.